सीट खाली गेली ती वर येईना

वेताळ टेकडीच्या माथ्यावरून जुन्या खाणीच्या बाजूने उतरताना एक जागा अशी लागते, की तिथे सीट खाली नसेल तर मी सरळ सायकलवरून उतरून चालतो. तुकडा वीसेक फुटांचाच, पण सुटा मुरूम, मध्येच उघडे पडलेले काळे दगड आणि पावसाळ्यात त्यांच्यावर शेवाळ. गेल्या जुलैत तिथे आलो, डाव्या अंगठ्याने लिव्हर दाबली, सीट खाली बसवली आणि उतरलो. छान उतरलो. सपाटीला आल्यावर पुन्हा लिव्हर दाबली, बूड उचललं आणि वाट पाहिली. सीट दोन बोटं वर आली आणि थांबली. जरा हाताने ओढली, आणखी दोन बोटं आली. बसलो, तर पुन्हा खाली.

घर कोथरूडला. तिथपर्यंत गुडघे हनुवटीला लागत होते. पौड रोडच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने एकदा माझ्याकडे, एकदा सीटकडे पाहिलं.

"काका, सीट वर घ्या की जरा. गुडघे जातील."

"तीच तर येत नाहीये."

"मग दुकानात दाखवा," असं म्हणून तो सिग्नल सुटायच्या आधीच सुटला.

ज्यांनी ड्रॉपर पोस्ट, म्हणजे लिव्हर दाबून वर-खाली होणारा सीटचा दांडा, पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चढाला सीट उंच हवी, म्हणजे पेडल मारताना पाय जवळजवळ सरळ होतो आणि मांडीचा सगळा जोर लागतो. उताराला तीच सीट वैरीण होते. अंग मागे आणि खाली न्यायचं असतं, ती मध्ये येते, आणि पुढचं चाक दगडाला अडलं की माणूस हँडलवरून पलीकडे. पूर्वी लोक टेकडीच्या माथ्यावर थांबायचे, क्विक रिलीज, म्हणजे सीटचा दांडा आवळणारी खिट्टी, सोडून सीट खाली ढकलायचे आणि खाली उतरल्यावर पुन्हा वर करायचे. १९८४ साली अमेरिकेत जो ब्रीझ आणि जॉश एंजेल यांनी 'हाइट-राइट' नावाची एक स्प्रिंग काढली. ती सीटच्या दांड्याला लावली, की क्विक रिलीज सोडल्यावर सीट आपोआप वर यायची. आताचा ड्रॉपर म्हणजे तिचा शिकलेला नातू. दांड्यात दांडा, आत दाबाखालचा वायू आणि तेल असलेलं एक कार्ट्रिज, आणि हँडलवर लिव्हर.

ऑफिसची खुर्ची डोळ्यांसमोर आणा. खुर्चीखालची दांडी वर ओढली की झडप उघडते. बसलेले असाल तर खुर्ची खाली जाते, उठलात तर वर येते. ड्रॉपरचंही तसंच. लिव्हर दाबली की तेलाला वाट मिळते आणि वायू सीटला वर ढकलतो. लिव्हर सोडली की वाट बंद. तेल दबत नाही, म्हणून सीट जिथे असेल तिथेच ठाम. माझ्या पोस्टचा प्रवास १५० मिलिमीटर, म्हणजे सहा इंच. जाडी ३१.६ मिलिमीटर. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात तिचा काडीचा दोष नव्हता.

माझा एक मित्र ड्रॉपर घेतल्यापासून मला टोचतोय. "चालत्या सायकलवर बिघडायला आणखी एक वस्तू लावलीस." तो रोड बाइकवाला. मी त्याला दर वेळी मातेय मोहोरिच या शर्यतपटूचं उदाहरण देतो. २०२२च्या मिलान–सान रेमो शर्यतीत, जवळपास ३०० किलोमीटर झाल्यावर, पोज्जो नावाच्या शेवटच्या टेकडीच्या उतारावर त्याने रोड बाइकला लावलेल्या ड्रॉपरच्या जोरावर सगळ्यांना मागे टाकलं आणि शर्यत जिंकली. त्या दिवशी मात्र मी मित्राला फोन केला नाही.

घरी आल्यावर मी जे केलं ते कोणीही करू नये. गॅलरीत गंजाच्या स्क्रूंवर मारायचा स्प्रे होता. तो सीट खाली करून दांड्याच्या तोंडावर भरपूर मारला. चमत्कार झाला. सीट सपकन वर! बायकोला हाक मारून दाखवलीसुद्धा. तिने "बरं" म्हटलं.

चमत्कार तीन दिवस टिकला. असले स्प्रे पातळ असतात. दांड्याच्या तोंडाशी एक रबरी सील असतं, त्याच्या आतलं मूळ ग्रीस ते धुऊन काढतात आणि स्वतः उडून जातात. मागे राहतो चिकट थर, आणि त्याला टेकडीवरची धूळ प्रेमाने धरते. चौथ्या दिवशी सीट पहिल्यापेक्षाही आळशी झाली आणि वर येताना तोंडाशी करकर वाजू लागली.

मग गाडी मोठ्या निदानाकडे वळली. इंटरनेटवर दोन रात्री वाचून मी ठरवलं की कार्ट्रिज गेलं. पटण्यासारखं कारणही होतं. आमच्या इमारतीला लिफ्ट आहे, पण सायकल तिच्यात तिरकी करूनही मावत नाही. त्यामुळे तीन मजले मी सायकल उचलून नेतो, आणि उचलायला सगळ्यांत सोयीची जागा म्हणजे सीट. सीट खाली असताना तिला धरून सायकल उचलली, की झडप बंद असते, आतला दांडा वर ओढला जातो आणि सायकलचं सगळं वजन कार्ट्रिजच्या सिलांवर उलटं येतं. त्यातून हवा तेलात शिरू शकते. मग सीट लॉक झाली तरी बसल्यावर उशीसारखी दबते. हे वाचलं आणि मी कपाळाला हात लावला. दीड वर्ष रोज मी हेच करत होतो. लगेच नवं कार्ट्रिज मागवलं, साडेतीन हजारांचं, येणार पंधरा दिवसांनी. सीट उशीसारखी दबते आहे का, हे बसून बघायचं मात्र राहूनच गेलं. अपराधी वाटत असलं की माणूस पुरावे तपासत नाही.

पंधरा दिवस गप्प बसवेना म्हणून एका रविवारी पोस्ट फ्रेममधून काढायला घेतली. आधी दांड्यावर चिकटपट्टी लावून उंचीची खूण केली, मग ॲलन कीने क्लॅम्पचा, म्हणजे पोस्ट फ्रेममध्ये आवळून धरणाऱ्या कड्याचा, बोल्ट सोडायला घेतला. बोल्ट सुटेचना. की वाकते की काय असं वाटायला लागलं, तेव्हा आठवलं. मे महिन्यात पोस्ट फ्रेममध्ये थोडी थोडी खाली सरकत होती, तेव्हा मीच हा बोल्ट जीव खाऊन आवळला होता. क्लॅम्पवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: कमाल ५ न्यूटन मीटर. म्हणजे लहान ॲलन की दोन बोटांत धरून, मनगट न वापरता आवळल्यावर येतो तेवढा जोर. मी त्याच्या दुप्पट तरी लावला असेल.

बोल्ट सुटला, क्लॅम्प 'टक' करून उघडला, आणि सवयीने मी लिव्हर दाबली. सीट वर आली. ढेकर दिल्यासारखी थांबत थांबत, पण पूर्ण वर.

मी तिथेच फरशीवर बसलो. पोस्टची बाहेरची नळी पातळ ॲल्युमिनियमची असते. क्लॅम्प फार आवळला की ती आत चेपते, आतल्या बुशांना, म्हणजे दांडा ज्यांतून सरकतो त्या कड्यांना, पकडते, आणि सरकणारा दांडा गळा दाबल्यासारखा होतो. वायूने ढकलायचं तरी किती? दीड महिना मी सायकलचा गळा दाबून तिच्या फुप्फुसाला दोष देत होतो.

पोस्ट पूर्ण बाहेर काढली, खालच्या टोकाला अडकलेली केबल सोडली, आणि तिथला ॲक्च्युएटर, म्हणजे झडप उघडणारा छोटा खटका, थेट अंगठ्याने दाबला. ही चाचणी मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. पोस्ट सुटी करून हाताने खटका दाबायचा. नीट वर आली तर दोष केबलमध्ये किंवा क्लॅम्पमध्ये. तरीही रखडली तर दोष पोस्टच्या पोटात. दहा मिनिटांचं काम. तोंड जरा लांब ठेवा एवढंच; माझी सीट हनुवटीपासून दोन इंचांवरून गेली. शेवटच्या इंचभरात मात्र तीच करकर होती. म्हणजे कार्ट्रिज ठणठणीत, आतला दांडा घाण, आणि केबलमध्येही काहीतरी, कारण सायकलवर असताना लिव्हर कायम जड लागायची.

कार्ट्रिज रद्द करायला वेबसाइटवर गेलो. "आपली वस्तू रवाना झाली आहे."

आधी पोट उघडायचं ठरलं. यात मोठी हिंमत लागत नाही, जुना टॉवेल आणि चांगला उजेड मात्र लागतो. पोस्ट पूर्ण वर असताना खालची टोपी सोडली की कार्ट्रिज बाहेरच्या नळीपासून मोकळं होतं. मग वरची कॉलर हाताने फिरवून काढायची आणि आतला दांडा सावकाश वर ओढायचा. सावकाश का, ते मला पहिली पितळी चावी सोफ्याखाली गेल्यावर कळलं. सीट गोल फिरू नये म्हणून दांड्याच्या बाजूला खाचांमध्ये तीन बारीक पितळी पट्ट्या, म्हणजेच या चाव्या, बसवलेल्या असतात. त्या सुट्या असतात, फक्त ग्रीसने चिकटलेल्या. कोणती कोणत्या खाचेतली हे लक्षात ठेवायचं, कारण त्या एकमेकांशेजारी झिजून आपापल्या खाचेला सरावलेल्या असतात. सोफ्याखालची सापडली. मुलाचा हरवलेला क्रेयॉनही सापडला.

आत जे होतं ते चहाच्या चोथ्यासारखं होतं. तपकिरी, खरखरीत, पाणी धरलेलं. इतकं पाणी पावसाने आत जात नाही. ते कुठून आलं हे मला माहीत होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं. आमच्या चौकात दुचाकी धुवायचं एक वॉशिंग सेंटर आहे. चिखल माखला की मी परस्पर तिथे जायचो. पोऱ्या पंपाचा पाइप धरायचा आणि पन्नास रुपयांत सायकल नवीन. सगळ्यांत जास्त फवारा तो सीटखालीच मारायचा, कारण मागच्या चाकाचा चिखल तिथेच उडतो, आणि मी शेजारी उभा राहून "इथे अजून थोडं" म्हणायचो. ते सील येणारी-जाणारी धूळ पुसायला असतं. पंपाच्या धारेसमोर त्याचं काय चालणार?

पुसणं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणं, पुन्हा पुसणं. बाहेरच्या नळीत काठीला फडकं गुंडाळून घातलं, बंदुकीची नळी साफ करतात तसं. आतल्या दांड्यावर बोटाचं नख फिरवून पाहिलं. खोल ओरखडा असेल तर नवं सील घालूनही उपयोग नसतो, तो सील खात राहतो. नशिबाने गुळगुळीत होता. बुशही ठीक. पितळी चाव्यांपैकी एक मधोमध चपटी झाली होती. तशा थोड्या जाड मापाच्या चाव्या मिळतात, आणि त्या घातल्या की सीटचं नाक डावी-उजवीकडे हलणं कमी होतं. माझ्याकडे नव्हत्या, तीच परत घातली.

ग्रीसच्या बाबतीत मी शहाणपणा शिकलो होतो. घरात चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस होतं, ते नाही वापरलं. ते थंडीत घट्ट होतं आणि सीट मधाच्या बाटलीतून आल्यासारखी वर येते. इथे शॉकअपच्या सिलांसाठी असतं तसं मऊ, निसरडं, लोण्यासारखं ग्रीस लागतं. एका मित्राने औषधाच्या रिकाम्या डबीत थोडं दिलं. चाव्यांना, बुशांना आणि सिलाच्या आतल्या काठाला पातळ थर, बस. कार्ट्रिजला हात लावायचा नाही. ते दाबाखाली असतं आणि घरी उघडायची वस्तू नाही.

सगळं जोडलं, खटका दाबला. आता आवाजच नाही, फक्त शेवटी वर टेकल्याची 'टप्'. ही 'टप्' ऐकायला मी त्या दुपारी किमान चाळीस वेळा सीट वर-खाली केली असेल.

इथे थांबलो असतो तर संध्याकाळी टेकडीवर गेलो असतो. पण केबल राहिली होती.

ड्रॉपरची केबल हँडलवरून निघून फ्रेमच्या आत शिरते, खालच्या नळीतून पेडलच्या एक्सलपाशी वळते आणि सीटच्या नळीतून वर पोस्टला भेटते. माझ्या सायकलीत ती आख्ख्या लांबीभर आउटरमध्ये, म्हणजे बाहेरच्या आवरणात, असते. हँडलपाशी आत गेलेलं पाणी कुठे जाणार? सगळ्यांत खालच्या वळणावर साचणार, पेडलपाशी. इनर, म्हणजे आतली वायर, ओढून काढली तर नेमक्या त्या जागी सहा-सात इंच गंजाने भरलेली. लिव्हर जड लागायची ती यामुळे. गंजलेल्या वायरचा दोष असा, की ती अर्धवट ओढली जाते, झडप पूर्ण उघडत नाही आणि सीट दमल्यासारखी येते. उलट केबलमध्ये ताण जास्त असेल तर झडप पूर्ण मिटत नाही, आणि बसल्यावर सीट हळूहळू खाली जाते. दोन्ही वेळा माणूस म्हणतो, कार्ट्रिज गेलं.

आउटरही बदलायचा ठरवला, आणि इथे त्या दिवसातली सगळ्यांत महाग चूक केली. जुना आउटर सरळ ओढून बाहेर काढला आणि मोकळा झालो. करायचं असं असतं: जुन्या आणि नव्या आउटरची तोंडं समोरासमोर लावायची, दोन्हींतून वायरचा एक तुकडा घालायचा, वरून टेप गुंडाळायची आणि जुना ओढला की नवा त्याच्यामागे मुकाट जातो. मी मात्र रिकाम्या फ्रेमसमोर नवा आउटर हातात धरून उभा. खालच्या नळीतून तो पेडलपर्यंत जायचा, तिथे धडकायचा आणि सीटच्या नळीकडे वळायलाच तयार नसायचा.

दीड तासानंतर बायको आली. थोडा वेळ बघत उभी राहिली.

"दोरा घालून ओढ ना."

"दोरा जाणार कसा?"

"व्हॅक्यूम क्लीनर आहे ना?"

सीटच्या नळीच्या तोंडावर व्हॅक्यूमचा पाइप धरला, फट फडक्याने बुजवली, फ्रेमची बाकीची भोकं टेपने बंद केली आणि हँडलकडच्या भोकात शिवणाचा दोरा सोडला. शेवटी कागदाचा बारीक बोळा बांधलेला. मशीन सुरू केलं आणि दोरा माझ्या बोटांतून सरसर पळाला. पहिल्या वेळी दोऱ्याने आउटर ओढताना पेडलपाशी गाठ सुटली. दुसऱ्यांदा आधी जाड सुतळी ओढून घेतली, मग सुतळीने आउटर. पाच मिनिटांत काम. तिने मशीन बंद केलं, पाइप गुंडाळला आणि जाताना म्हणाली, "आता हा पाइप धुऊन ठेव."

आउटर कापायला कटर नव्हता, पक्कड होती. पकडीने कापला की तोंड चेपतं आणि आतली नळी मिटते. दाभण घालून ती पुन्हा गोल केली. नवी इनर घेतली ती स्टीलची, न गंजणारी. लिव्हरपाशी ताण असा ठेवला, की अंगठा दाबायला सुरुवात केली की आधी एक-दोन मिलिमीटर मोकळं जातं आणि मग झडप उघडते. तेवढा ढिलेपणा लागतो.

राहिला क्लॅम्प. पाच न्यूटन मीटरला आवळला तर पोस्ट पुन्हा सरकणार होती, ज्यामुळे हे सगळं रामायण सुरू झालं. कारण शोधलं तर सीटच्या नळीत आणि पोस्टच्या बाहेरच्या बाजूवर ग्रीसच ग्रीस. तेही मीच लावलेलं, "अडकू नये" म्हणून. सगळं पुसून काढलं आणि कार्बन पोस्टला लावतात ती कणीदार पेस्ट लावली. ती ॲल्युमिनियमलाही चालते आणि कमी जोरात घट्ट पकडते. शेजारच्या इमारतीतल्या एकाकडून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की वाजणारा पाना, आणला. पाचला 'कट्' वाजलं, लिव्हर दाबली, सीट वर. चार न्यूटन मीटरलाही पोस्ट सरकत नव्हती, म्हणून चारवरच ठेवलं.

आता वॉशिंग सेंटरला जात नाही. बादली, मग आणि जुना बनियन. टेकडीवरून आलो की दांडा आणि सिलाचा काठ कोरड्या फडक्याने पुसतो, बस. जिना चढताना सायकल सीटला नाही, फ्रेमला धरतो. खांदा दुखतो. रात्री सीट वर करून ठेवतो, कारण खाली ठेवली तर सकाळी घाईत हात तिथेच जातो, इतकी ती सवय अंगात मुरलेली आहे.

सप्टेंबरात खाणीच्या बाजूने पुन्हा उतरलो. शेवाळ होतंच. खाली आल्यावर अंगठा दाबला आणि टप्.

कार्ट्रिज त्या रविवारनंतर नऊ दिवसांनी आलं. अजून कपाटात आहे, खोक्यातच. परवा गटातल्या एकाचा ड्रॉपर रखडायला लागला आणि त्याने विचारलं, तुझ्याकडे एक नवं पडलंय ना, विकतोस का? मी म्हटलं विकतो, पण आधी सीटचा क्लॅम्प अर्धा फेरा सोडून बघ. तासाभराने त्याचा मेसेज आला: "राहू दे."

म्हणजे साडेतीन हजार अजून माझ्याकडेच अडकलेत.